ढाणकीहून निघालेली बरणी

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या खोऱ्यात, उमरखेड तालुक्यात ढाणकी हे बाजाराचे गाव आहे. कापूस, सोयाबीन, तूर, हळद यांवर इथला व्यवहार चालतो. काही महिन्यांपूर्वी तिथल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या शिक्षकांसमोर बोलण्याचा योग आम्हाला आला. विषय सुचवला होता ‘गुन्हे शोधणारे विज्ञान’. बोलणे संपल्यावर नेहमीचे प्रश्न आले. एका केसावरून माणूस ओळखता येतो का? दूरचित्रवाणीवर दाखवतात तसे दोन मिनिटांत उत्तर मिळते का? मग मागच्या बाकावरून एक गुरुजी उठले आणि म्हणाले,

“सर, आमच्या गावचा एक मजूर दिवसभर कपाशीवर फवारणी करून आला. रात्री उलट्या, घाम, तोंडाला फेस. पाच दिवस दवाखान्यात होता, सहाव्या दिवशी गेला. त्याचा व्हिसेरा तपासायला गेला. लई दिवसांनी कागद आला, ‘विष आढळले नाही’. मग माणूस मेला कशानं?”

आम्ही त्या वेळी काही उत्तर दिले, पण ते अपुरे होते हे परतीच्या वाटेवर जाणवत राहिले. आम्ही विषांच्या विश्लेषणाचे काम करणारी माणसे. ‘आढळले नाही’ हे शब्द आम्ही रोज लिहितो. ते शब्द घरी वाचणाऱ्याला काय वाटत असेल याचा विचार मात्र आम्ही क्वचितच करतो. हा लेख म्हणजे त्या गुरुजींना द्यायचे राहिलेले उत्तर आहे. ते समजून घ्यायचे तर प्रयोगशाळेच्या आत जावे लागेल आणि त्याआधी तिथे येणाऱ्या बरणीच्या मागे मागे जावे लागेल.

न्यायाला साहाय्य करणारी प्रयोगशाळा

महाराष्ट्रात या प्रयोगशाळांचे अधिकृत नाव ‘न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा’ असे आहे. नाव लांबलचक असले तरी नेमके आहे. ती गुन्हेगार पकडत नाही. न्याय करणाऱ्याला साहाय्य करते. संचालनालय मुंबईत कलिना येथे आहे आणि नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. यवतमाळ जिल्हा अमरावती विभागात येतो. जुने पोलीस आणि वकील आजही आमच्या अहवालाला ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात. म्हणजे केमिकल ॲनालायझरचा, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. हे नाव इंग्रजी अमदानीतून आलेले आहे. भारतातली अशी पहिली रासायनिक तपासणी प्रयोगशाळा १८४९ साली मद्रासला सुरू झाली. पुढे कोलकाता, आग्रा आणि मुंबई येथे तशाच प्रयोगशाळा निघाल्या. त्या काळी मुख्य काम एकच होते, विषे शोधणे.

आज विभाग अनेक आहेत. विषशास्त्र, रक्त व इतर जैविक नमुने, डीएनए, बंदुका व गोळ्या, स्फोटके, आवाज, संगणक आणि मोबाइल. शिवाय दारूबंदी कायद्याखाली पकडलेल्या दारूच्या बाटल्या आणि वाहनचालकांच्या रक्तातले मद्य तपासणे, हे काम तर बारमाही. प्रत्येक विभागाचा माणूस वेगळा, यंत्रे वेगळी. ‘सीआयडी’ मालिकेतल्या डॉ. साळुंख्यांसारखा सर्व विद्या जाणणारा एकच माणूस खऱ्या प्रयोगशाळेत नसतो. विष तपासणाऱ्याला बंदुकीतले कळत नाही आणि ते कळते असे त्याने दाखवूही नये.

मिठाचे पाणी

आता बरणीकडे वळू. एखादा मृत्यू संशयास्पद वाटला की पोलीस आकस्मिक मृत्यूची नोंद करतात, ज्याला आपल्याकडे ‘मर्ग दाखल झाला’ असे म्हणतात. सरकारी रुग्णालयात शवविच्छेदन होते. विषाचा संशय असेल तर डॉक्टर काही अवयव राखून ठेवतात. जठर त्यातील अन्नासह आणि लहान आतड्याचा वरचा सुमारे ३० सेंटिमीटरचा भाग एका बरणीत, यकृताचा तुकडा आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग दुसऱ्या बरणीत, आणि रक्त एका लहान बाटलीत. यालाच व्हिसेरा म्हणतात.

यकृत आणि मूत्रपिंडच का? जठरात जे सापडते ते नुसते पोटात गेलेले असते. यकृतात व मूत्रपिंडात जे सापडते ते रक्तात शोषले गेलेले असते. मृत्यूचा संबंध लावताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

हे अवयव कुजू नयेत म्हणून त्यांवर मिठाचे संपृक्त द्रावण ओततात. होय, आपल्या स्वयंपाकघरातलेच मीठ. लोणचे टिकते त्याच कारणाने हे अवयव टिकतात. दाट मिठामुळे जंतूंच्या पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते आणि त्यांची वाढ थांबते. शाळेत जीवशास्त्राचे नमुने आपण फॉर्मॅलिनमध्ये ठेवतो, म्हणून पुष्कळांना इथेही फॉर्मॅलिनच चालेल असे वाटते. परंतु फॉर्मॅलिनमुळे ऊती घट्ट होतात आणि त्यांतून विष वेगळे काढणे अवघड होते. बरणी काठोकाठ भरायची नसते. सुमारे एकतृतीयांश जागा मोकळी ठेवतात, कारण अवयव कुजू लागले तर वायू तयार होऊन झाकण उडण्याची भीती असते. रक्तात सोडियम फ्लोराइड घालतात, नाहीतर जंतू रक्तातल्या साखरेपासून मद्य तयार करतील आणि न प्यालेला माणूस प्यालेला ठरेल. जिवंत माणसाचे रक्त मद्यासाठी घेताना त्वचा स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची नाही, हा नियमही त्याच कारणासाठी.

आणखी एक लहानशी बाटली या बरण्यांबरोबर यायला हवी. तिच्यात अवयव नसतो. वापरलेले मिठाचे द्रावण तेवढे असते. ही बाटली कशासाठी, ते पुढे येईल.

आवक खिडकीवर

बरण्या कापडात बांधून त्यांवर लाखेची मोहोर उठवतात आणि पोलीस शिपाई त्या घेऊन प्रयोगशाळेत येतो. आमच्याकडे पहिले काम रसायनाचे नसते, कारकुनाचे असते. गुन्हा किंवा मर्ग क्रमांक, बरण्यांची संख्या, चिठ्ठ्यांवरील नावे पत्राशी जुळतात का? मोहोर शाबूत आहे का? पत्रासोबत पाठवलेल्या नमुना मोहरेशी ती जुळते का? यात खोट निघाली तर पुढचे सारे विश्लेषण अचूक असूनही न्यायालयात त्याला अर्थ उरत नाही. कारण वकील पहिला प्रश्न विषाबद्दल विचारत नाहीत. ते विचारतात, ‘ही बरणी त्याच मृताची होती, हे कशावरून?’

पत्रात आणखी एक गोष्ट आम्ही शोधतो. रुग्णाची लक्षणे कोणती होती, उपचार कोणते झाले, घरात किंवा शेतात कोणते औषध सापडले? पुष्कळदा पत्रात एवढेच असते, ‘मृत्यूचे कारण कळवावे.’ ते तर आम्ही कळवू शकत नाही. ते शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचे काम. आम्ही बरणीत काय आहे ते सांगतो.

उपचाराची माहिती का हवी, याचे एक उदाहरण पाहा. कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या रुग्णाला ॲट्रोपीनची इंजेक्शने देतात. हेच ॲट्रोपीन धोत्र्यातही असते. उपचारांची नोंद न पाठवता नमुना आला आणि त्यात ॲट्रोपीन सापडले, तर धोत्र्याची विषबाधा झाली असा भलताच तर्क निघू शकतो. जे औषध जीव वाचवायला दिले तेच विष ठरायचे! एका ओळीच्या माहितीने हा घोटाळा टळतो.

बरणी उघडल्यावर

बरणी उघडण्याचे काम धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात करतात. पहिल्या वर्षी वासाने जेवण जात नाही. नंतर सवय होते. उलट वासच कधी कधी पहिली खूण देतो. अनेक फवारणीच्या औषधांत घासलेटासारखे द्रावक असते, त्याचा दर्प लगेच कळतो. पण वास हा पुरावा नव्हे. तो वहीत टिपायचा आणि कामाला लागायचे.

अवयवाचा तुकडा वजन करून बारीक करतात आणि योग्य द्रावकात घुसळतात. विष द्रावकात उतरते, मांस मागे राहते. ही कल्पना जुनी आहे. वनस्पतिजन्य विषे प्रेतातून वेगळी काढता येत नाहीत असे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मानले जाई. बेल्जियमचे रसायनशास्त्रज्ञ जाँ स्तास यांनी १८५० साली एका खुनाच्या तपासात मृताच्या अवयवांतून निकोटीन वेगळे काढून दाखवले आणि ही समजूत मोडली. त्यांच्या पद्धतीचे सुधारलेले रूप आजही वापरात आहे.

इथेही निवड आहेच. मोनोक्रोटोफॉस पाण्यात सहज विरघळते, हेक्झेनसारख्या तेलकट द्रावकात जवळजवळ विरघळत नाही. एंडोसल्फानचे नेमके उलट. कोणत्या विषाचा संशय आहे हे ठाऊक असेल तर द्रावक नेमका निवडता येतो. ठाऊक नसेल तर निरनिराळ्या द्रावकांनी निरनिराळे भाग काढत बसावे लागते आणि नमुना तर तेवढाच असतो.

मिळालेला अर्क आटवून त्याचा एक थेंब काचेच्या पट्टीवरील सिलिकाच्या पातळ थरावर लावतात. पट्टीचे खालचे टोक द्रावकात बुडवतात. द्रावक थरातून वर चढतो आणि त्याच्याबरोबर अर्कातली रसायने कमी-अधिक वेगाने वर सरकतात. ही पातळ थराची क्रोमॅटोग्राफी. शेजारीच माहितीच्या कीटकनाशकाचा ठिपका लावलेला असतो. नंतर पट्टीवर रंग आणणारे रसायन फवारले की अदृश्य ठिपके दिसू लागतात. समजा द्रावक १० सेंटिमीटर चढला आणि ठिपका ४.५ सेंटिमीटर, तर ४.५ भागिले १०, म्हणजे ०.४५ हा त्या ठिपक्याचा आरएफ अंक. माहितीच्या औषधाचा अंकही ०.४५ आणि रंगही तोच, तर संशय बळावतो.

इथे एक अभिमानाची गोष्ट सांगायला हवी. हे रंग आणणारे फवारे सुधारण्याचे काम महाराष्ट्रातल्याच न्यायसहायक प्रयोगशाळांतील वैज्ञानिकांनी १९८० व १९९० च्या दशकांत मोठ्या प्रमाणावर केले आणि ते आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापून आले. कारण उघड आहे. शेतातली कीटकनाशके आमच्या बरण्यांतून रोज येत होती. गरज इथली होती, म्हणून शोधही इथे लागले.

पातळ थरावरचा ठिपका म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. पुढे वायुरूप क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमीटर ही यंत्रे येतात. पहिले यंत्र रसायने वेगळी करते, दुसरे प्रत्येक रेणूचे तुकडे करून त्या तुकड्यांची वजने मोजते. एकाच अंकाचे दोन ठिपके असू शकतात. पण तुकड्यांचा सगळा साचाच जुळणे फार कठीण. दोन निरनिराळ्या तत्त्वांवरच्या चाचण्या एकच उत्तर देतात तेव्हाच आम्ही ‘आढळले’ असे लिहितो.

कोरा नमुना

उमेदवारीच्या काळात आमच्याकडून घडलेली एक चूक इथे सांगतो. एका अर्कात कीटकनाशकाचा ठिपका नेमक्या जागी, नेमक्या रंगात दिसला. आम्ही आनंदाने वही घेऊन ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी पट्टीकडे पाहिलेही नाही. “कोऱ्या नमुन्यात काय दिसले?” एवढेच विचारले. कोरा नमुना म्हणजे अवयव न घालता तीच रसायने, तीच भांडी, तीच कृती. तो आम्ही लावलाच नव्हता. लावला, तर त्यातही तोच ठिपका! आदल्या दिवशी शुद्ध औषध मोजलेले एक काचपात्र नीट धुतले गेले नव्हते. विष मृताच्या पोटात नव्हते, आमच्या भांड्यात होते.

बरणीबरोबर नुसत्या मिठाच्या पाण्याची बाटली का यायला हवी, हे आता लक्षात येईल. मिठात किंवा त्या पाण्यातच काही असेल तर ते तिच्यात दिसेल. आमच्या दिवसाचा मोठा भाग अशा ‘काहीही दिसू नये’ म्हणून केलेल्या चाचण्यांत जातो. दूरचित्रवाणीवर हे दाखवत नाहीत, कारण त्यात पाहण्यासारखे काही नसते. पण एखादा निरपराध माणूस तुरुंगात न जाणे यावरच अवलंबून असते.

विष निघून जाते, खूण राहते

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे येऊ. कपाशीवर फवारली जाणारी अनेक औषधे सेंद्रिय फॉस्फरस गटातली असतात. आपल्या शरीरात एका चेतापेशीकडून दुसरीकडे किंवा स्नायूकडे निरोप नेणारे ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन आहे. निरोप पोचला की कोलिनएस्टेरेझ हे विकर त्याचे लगेच तुकडे करते, म्हणजे निरोप थांबतो. सेंद्रिय फॉस्फरसची विषे या विकरालाच जखडून टाकतात. निरोप थांबतच नाहीत. मग घाम, लाळ, उलट्या, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक, स्नायूंचे फडफडणे आणि अखेर श्वास बंद. गुरुजींनी सांगितलेली लक्षणे याच चित्राशी जुळणारी होती.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. माथ्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, दमट हवेत, तोंडाला जेमतेम एखादे फडके बांधून, दोन-तीन औषधांचे मिश्रण फवारले जात होते. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. बाधितांच्या रक्तातील कोलिनएस्टेरेझची तपासणी वेळेत होण्याचा मुद्दा त्या निमित्ताने पुढे आला. पुढे २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश काढला.

फवारणीतल्या विषबाधेत आणि विष पिण्यात विश्लेषकाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. विष प्यालेल्या माणसाच्या जठरात ते भरपूर सापडते. फवारणीत ते त्वचेतून आणि श्वासातून जाते; जठरात बहुधा काहीच नसते. शिवाय यातली अनेक विषे शरीरात फार काळ टिकत नाहीत. यकृत त्यांचे तुकडे करते आणि बराचसा भाग एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातो. मग सहाव्या दिवशी मृत्यू आलेल्या माणसाच्या बरणीत आम्हाला काय मिळणार? विष येऊन, आपले काम करून, निघून गेलेले असते. जखडलेले विकर मात्र लगेच मोकळे होत नाही. म्हणून रुग्ण दाखल होताच घेतलेले रक्त आणि लघवी, त्यावरची कोलिनएस्टेरेझची तपासणी आणि डॉक्टरांनी लिहिलेली लक्षणे, हाच अशा वेळी खरा पुरावा. तो बरणीत नसतो; तो पहिल्या दिवशीच्या केसपेपरात असतो.

‘आढळले नाही’ या शब्दांचा अर्थ आता उलगडेल. बरणीत जे पोचले त्यात, आम्ही जी विषे शोधली त्यांपैकी, आमच्या पद्धतीला दिसू शकेल इतक्या प्रमाणात काही दिसले नाही. एवढाच त्याचा अर्थ. विहिरीत चिमूटभर मीठ टाकून पाणी चाखले तर खारट लागणार नाही. पण मीठ टाकलेच नव्हते असे त्यावरून म्हणता येत नाही. सर्पदंशाचेही तसेच. सापाचे विष प्रथिनांचे असते. रासायनिक विषे शोधण्याच्या नेहमीच्या पद्धतींत ते दिसतच नाही. ‘साप चावल्याचा संशय’ हे पत्रात लिहिले नाही तर त्या दिशेने कुणी पाहणारही नाही.

हा शब्दांचा कीस नव्हे. शेतकऱ्यांसाठीच्या अपघात साहाय्य योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा धरलेली आहे, आत्महत्या धरलेली नाही. आणि विषबाधेच्या दाव्यात रासायनिक विश्लेषणाचा अहवाल मागितला जातो. म्हणजे आमच्या तीन शब्दांवर एखाद्या घराची मदत अडू शकते. उलट बाजूही लक्षात घ्यावी. आम्ही ‘मोनोक्रोटोफॉस आढळले’ असे लिहिले तरी ते चुकून गेले, स्वतः घेतले की कुणी पाजले, हे बरणी सांगू शकत नाही. ते पंचनाम्याने, साक्षीदारांनी आणि न्यायालयाने ठरवायचे.

वेळेवर आणि नीट नमुने घेतले तर काय साधते, याचे शिक्षकांना माहीत असावे असे एक उदाहरण आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन येथील शाळेत मध्यान्ह भोजनानंतर २३ मुले दगावली. उरलेले अन्न, भांडी आणि तेल जपून ठेवले गेले आणि काही दिवसांतच फोरेन्सिक प्रयोगशाळेने तेलात मोनोक्रोटोफॉस दाखवून दिले. मुले परत आली नाहीत. पण कशाने गेली याबद्दल शंका उरली नाही.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात

अहवाल पाठवला म्हणजे काम संपत नाही. सरकारी वैज्ञानिकाचा अहवाल न्यायालय थेट पुराव्यात घेऊ शकते. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मध्ये आहे. पण न्यायालयाला वाटले तर विश्लेषकाला बोलावता येते. मग काही वर्षांपूर्वीच्या एका बरणीबद्दल उलटतपासणी होते. स्मरणशक्ती तिथे कामाची नसते, वही कामाची असते. ती बरणी कोणी उघडली, मोहोर कशी होती, कोरा नमुना लावला होता का, हे सारे त्या दिवशीच लिहिलेले असेल तरच उत्तर देता येते. नव्या संहितेत सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करण्याची तरतूद आहे. राज्यांनी ती पाच वर्षांच्या आत अमलात आणायची आहे. तसे झाले तर बरणीची वाट आमच्यापर्यंत पोचण्याआधीच सुधारेल.

खटल्याचा निकाल काय लागला ते मात्र आम्हाला बहुधा कळतच नाही. मृताचे नाव बरणीवरच्या चिठ्ठीत वाचतो, चेहरा कधी पाहत नाही.

वर्गात करून पाहा

हे सारे मुलांना एका तासात दाखवता येईल. पांढरे खडू, पाण्यात विरघळणाऱ्या शाईची निरनिराळ्या कंपन्यांची काळी स्केचपेने, वाट्या आणि पाणी एवढेच साहित्य लागेल. बॉलपेन घेऊ नका. त्याची शाई पाण्याने चढत नाही. एका मुलाने ठरलेल्या पेनांपैकी एकाने कागदावर दाट रेघोट्या माराव्यात आणि तो कागद पाकिटात घालून चिकटवावा. पाकिटाच्या जोडावर सही करावी आणि ते ज्या ज्या हातातून जाईल त्यांची नावे व वेळ वहीत लिहावी. दुसऱ्या गटाने सही तपासून पाकीट उघडावे, शाईचा तुकडा दोन-तीन थेंब पाण्यात भिजवून त्याचा ठिपका खडूच्या खालच्या टोकापासून दोन सेंटिमीटरवर लावावा. प्रत्येक संशयित पेनाचा ठिपका वेगळ्या खडूवर. एक खडू कोरा. सर्व खडू अर्धा सेंटिमीटर पाण्यात उभे करावेत. रंग वेगळे होत वर चढतील. अंतरे मोजून आरएफ अंक काढावेत.

एवढे झाल्यावर मुलांना न सांगता दोन पाकिटे आणखी द्या. एकात संशयितांच्या यादीत नसलेल्या पेनाची शाई आणि दुसऱ्यात यादीतल्याच पेनाची, पण इतकी पुसट की खडूवर काही दिसणार नाही. दोन्ही गट बहुधा ‘यादीतले पेन आढळले नाही’ असेच लिहितील. त्यांपैकी एक गट बरोबर असेल आणि दुसऱ्या गटाचे पेन यादीतच असेल! दोघांचे शब्द सारखे का आले, यावर मुलांना बोलू द्या. आम्हाला हे कळायला काही वर्षे लागली.

फवारणीच्या दिवसांत आणखी एक काम सांगता येईल. प्रत्येक कीटकनाशकाच्या वेष्टनावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. मुलांनी घरातल्या डब्यांना हात न लावता, लांबूनच मोठ्यांच्या मदतीने त्रिकोणाचा रंग आणि औषधाचे नाव वहीत लिहून आणावे. घरी कुणाला फवारणीनंतर त्रास झाला तर अंगावरचे कपडे लगेच उतरवून अंग साबण-पाण्याने धुवावे, वेळ न घालवता दवाखान्यात न्यावे आणि तो डबा किंवा त्याचे वेष्टन पिशवीत घालून सोबत न्यावे. डॉक्टरांना औषधाचे नाव कळले की उपचाराला दिशा मिळते. फवारणी किती वाजता केली आणि त्रास किती वाजता सुरू झाला, हे केसपेपरावर लिहून घ्यावे. पोराला वहीतले नाव आठवले, तर त्याच्या बापाचा जीव वाचू शकतो; आणि दुर्दैवाने नाहीच वाचला, तर निदान खरे काय झाले ते कागदावर राहते.

त्या गुरुजींना आम्ही आता असे सांगू: तो मजूर कशाने गेला हे आम्ही इथे बसून सांगू शकत नाही. पण ‘विष आढळले नाही’ या कागदाचा अर्थ ‘विषाने गेला नाही’ असा नाही. त्याची लक्षणे ज्या दिवशी लिहिली गेली तो केसपेपर शोधा, पहिल्या दिवशी रक्त घेतले होते का ते विचारा आणि कागद घेऊन डॉक्टरांकडे व तहसीलच्या कचेरीत जा. प्रयोगशाळेचे उत्तर तिला विचारलेल्या प्रश्नाचे असते. पुढच्या वेळी प्रश्न नीट आणि वेळेवर विचारला जावा, यासाठी ढाणकीच्या शाळेत शिकणारी पोरे आमच्यापेक्षा कितीतरी जवळ आहेत.